तान्हा पोळा, लाकडी नंदी आणि गेममधला शिपाई: कॉपीराइट लागतो का?

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मोठ्या बाबांचा आहे, पण उत्तर आमच्याकडच्या बऱ्याच सुतारांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, पवनीकडचे. घरात पिढीजात सुतारकाम. वखर-तिफणीचं काम ट्रॅक्टर आल्यावर संपत गेलं. आता मोठ्या बाबांच्या हातात मुख्य काम उरलंय ते तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं चाकं लावलेले लाकडी बैल सजवतात, मिरवतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागतात. त्या एका सणावर सुताराच्या घरचे बरेच महिने निघतात.

हल्ली पोरांना नंदीसोबत त्याच्या गाडीवर बसवायला 'गेमवाला माणूस' हवा असतो. मोठ्या बाबांनी शिवणीच्या लाकडात तीन नमुने काढले. पहिला लाल टोपी, जाड मिशी आणि निळ्या पट्ट्याची पँट घातलेला बुटका. दुसरा हिरव्या चौकोनी ठोकळ्यांचा, ठोकळ्याच्याच डोक्याचा प्राणी. तिसरा 'पबजी' या लढाईच्या मोबाइल गेममधला शिपाई. त्याच्या डोक्यावर तोंड झाकणारं हेल्मेट, पाठीवर पिशवी आणि मागे कमरेला लटकवलेला तवा. सगळ्यात जास्त तिसराच विकला जातो.

यंदा नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली आहे. अट अशी की गाडीच्या पाटीवर गेमचं नाव, अगदी त्याच वळणाच्या अक्षरांत, रंगवून द्यायचं. नमुना म्हणून मोबाइलवरून काढलेली रंगीत प्रिंटही दिली. त्यानंतर उमरेडच्या बाजारात एक गिऱ्हाईक मोठ्या बाबांना म्हणालं, "काका, हे नका विकू, यावर केस होते." तेव्हापासून मोठे बाबा धास्तावलेत. ऑर्डरला हो म्हणायचं की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलंय.

तर विचारायचं हे, की हाताने, लाकडात घडवलेली, थोडी बदललेली वस्तू कॉपीराइटचा भंग ठरते का? तिन्ही नमुन्यांना एकच उत्तर आहे की वेगवेगळं?

सालईबन

ताई, काऊन एवढं टेन्शन घेता? आमच्या इकडं यात्रेत, आठवडी बाजारात दप्तरापासून फुग्यापर्यंत सगळ्यावर हेच चित्रं छापून येऊन राहिले. कोणी आलं का धराले? ज्या कंपनीचा गेम हाय ते जपानात नाही तर कोरियात बसली. ते पवनीच्या सुताराले शोधत येणार हाय का? आन् मोठ्या बाबांनी मशीनीतून नाही काढलं, हातानं कोरलं. मेहनत त्यायची, लाकूड त्यायचं. बिनधास्त ऑर्डर घ्या.

कोर्टकचेरी

सालईबन भाऊ, तुमची आपुलकी समजते, पण हा सल्ला मानला तर काका अडचणीत येतील. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून मुद्दे नीट मांडतो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात 'व्हिडिओ गेम' असं वेगळं खातं नाही. गेमचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, त्यातलं संगीत संगीतकृतीत, आणि पडद्यावर दिसणारी पात्रं, त्यांची रेखाटनं ही कलाकृती. इथे आपला संबंध फक्त कलाकृतीशी आहे. चित्र सुंदर आहे की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. ते स्वतःच्या डोक्यातून आलेलं असलं की झालं.

कलम १४ मध्ये मालकाचे हक्क दिलेत. तिथे स्पष्ट लिहिलंय की सपाट चित्रावरून घनाकृती करणं हा हक्कही मालकाचाच, आणि घनाकृतीवरून सपाट चित्र काढणं हासुद्धा. त्यामुळे 'चित्र पडद्यावरचं आणि आमची वस्तू लाकडाची' हा बचाव पहिल्याच पायरीवर संपतो. हाताने केलं की यंत्राने, यानेही फरक पडत नाही. शिक्षा ठरवताना पडेल, पण भंग आहे की नाही हे ठरवताना नाही.

कंपनी परदेशी असली म्हणून सुटका नाही. भारत कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराचा सदस्य आहे, जपान आणि कोरियाही आहेत. तिथल्या कलाकृतीला इथे आपल्या कलाकृतीसारखंच संरक्षण मिळतं, आणि त्यासाठी भारतात नोंदणी केलेली असावी लागत नाही.

आता शिक्षेचं. कलम ६३ खाली जाणूनबुजून भंग केला तर किमान ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्याच्या नफ्यासाठी केलेलं नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय. कलम ६४ प्रमाणे फौजदार दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. कोणी येईल की नाही, हा नशिबाचा भाग. पण आलं तर काय होईल, हे काकांना आधी माहीत असलं पाहिजे.

काळीमाती

वकील साहेबांचं बरोबर आहे, पण अर्धंच चित्र पुढे आलंय. मी यवतमाळचा, लहानपणी पिवळ्या कॅसेटच्या टीव्ही गेमवर वाढलो आणि आता मोबाइल गेमिंगवर लिहितो. गेमच्या दुनियेत हा वाद फार जुना आहे आणि न्यायालयांनी दर वेळी एकच रेघ ओढलीय, की कल्पना सगळ्यांची आणि तिला दिलेलं रूप ज्याचं त्याचं.

१९८१ मध्ये अमेरिकेत 'अ‍ॅस्टेरॉइड्स'च्या मालकांनी, म्हणजे अटारीने, 'मीटिऑर्स' नावाच्या गेमवर दावा केला. दोन्हीत अवकाशयान दगड फोडतं. न्यायालय म्हणालं, अवकाशात दगड फोडायचे म्हटलं की एवढं साम्य येणारच. दावा फेटाळला. पुढच्याच वर्षी त्याच अटारीने 'पॅक-मॅन'साठी 'के. सी. मंचकिन' नावाच्या गेमविरुद्ध दाद मागितली आणि तिथे अटारीच्या बाजूने निकाल लागला. चक्रव्यूह आणि ठिपके गिळणं यावर हक्क नाही, पण तो गोल खादाड आणि त्याच्यामागे लागणारी भुतं यांचं रूप उचललं, हे चालणार नाही, असं न्यायालयाने धरलं. २०१२ मध्ये 'टेट्रिस'च्या बाबतीतही तसंच. ठोकळे रचायचा नियम मोकळा, पण समोरच्याने ठोकळ्यांचे आकार, त्यांचा रंगढंग, मैदानाचं माप सगळंच तसंच्या तसं घेतलं होतं, म्हणून तो हरला.

हे सगळं ताईंच्या तीन नमुन्यांना लावून बघा. लाल टोपीचा मिशीवाला म्हणजे उघड उघड निंटेन्डोचा मारिओ. त्याचं ते रूप दुसऱ्या कुठल्या कल्पनेतून ओघाने येत नाही. बुटक्या माणसाला लाल टोपीच का? निळ्या पट्ट्याची पँटच का? तो सरळ उचललेला आहे. हिरवा ठोकळा 'माइनक्राफ्ट'मधला असावा. ठोकळ्यांचा प्राणी करायला कोणालाही मोकळीक आहे, पण त्या विशिष्ट उतरत्या तोंडाचा, चट्ट्यापट्ट्यांच्या हिरव्या रंगाचा केला तर तोही उचललेलाच.

शिपायाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हेल्मेट, पिशवी, बंदूक हे कोणत्याही सैनिकाचं सामान आहे. त्यावर कोणा कंपनीची मालकी कशी असेल?

कोर्टकचेरी

काळीमाती, तुमचे दाखले चांगले आहेत. ते अमेरिकेतले, आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण तत्त्व आपल्याकडेही हेच. १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यावर कॉपीराइट नसतो. कसोटीही दिली. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य माणसाच्या मनावर, ही त्याची नक्कल आहे, असा ठाम ठसा उमटतो का? उमटला तर भंग.

बाजारात सगळीकडे ऐकू येतं, 'वीस टक्के बदल केला की कॉपीराइट लागत नाही'. असा नियम कायद्यात कुठेही नाही. किती बदललं हे कोणी मोजत नाही. उचललं काय, ते पाहतात. १९९६ चं दिल्ली उच्च न्यायालयाचं नागराजचं प्रकरण घ्या. नागराज कॉमिक्स आपल्यापैकी कित्येकांनी वाचलंय. दुसऱ्या प्रकाशकाने 'नागेश' काढला. नाव जुळतं, सापाच्या शक्ती, अंगभर हिरवा सापाच्या कातडीसारखा पोशाख. गोष्टी वेगळ्या होत्या, तरी न्यायालयाने मनाई केली.

पूसकाठची बाई

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलं शाडूच्या मातीचे हेच शिपाई करतात, प्रदर्शनात ठेवतात. एकाने तर मारबतीच्या मिरवणुकीतल्या बडग्याच्या पुतळ्यालाच हेल्मेट घातलं. तेसुद्धा गुन्ह्यात येतं का? धागा वाचून काळजात धस्स झालं.

कोर्टकचेरी

नाही बाई, निर्धास्त राहा. कलम ५२ मध्ये सवलती आहेत. खाजगी, वैयक्तिक वापर तिथे मोकळा ठेवलाय, आणि शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कलही. पोराने घरी केलेला मारिओ, मोठ्या बाबांनी स्वतःच्या नातवासाठी कोरलेला मारिओ, यावर कोणी बोट ठेवणार नाही. तीच वस्तू बाजारात मांडून किंमत लावली की प्रश्न बदलतो.

रंगारी उमरेड

माझा टी-शर्ट छपाईचा धंदा आहे, स्क्रीन आणि आता डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर उतरवायची पद्धत. माझ्या अनुभवाचं सांगतो. एका ऑनलाइन बाजारपेठेवर मी गेमच्या पात्रांचे टी-शर्ट लावले होते. एके दिवशी सकाळी पाहिलं तर सगळी पानं काढून टाकलेली. ईमेल आला होता की हक्कदाराची तक्रार आहे, आणि पुन्हा झालं तर दुकानच बंद. कोर्ट नाही, पोलीस नाही, फक्त धंदा थांबला. त्या वेळी छापून तयार असलेला माल तसाच गठ्ठ्यात राहिला. सालईबन भाऊ म्हणतात तसं पवनीच्या बाजारात कोणी येणार नाही कदाचित, पण व्यापाऱ्याने तेच नंदी ऑनलाइन टाकले, तर कंपनीला ते दिसायला घरबसल्या वेळ लागत नाही.

आणि एक. गेमचं नाव त्याच अक्षरांत रंगवायचं, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. ते कॉपीराइटच्याही वरचं प्रकरण आहे ना?

कोर्टकचेरी

बरोबर ओळखलंत. नाव आणि बोधचिन्ह हे ट्रेडमार्कमध्ये येतं, कायदा १९९९ चा. त्यात कलम १०३ खाली शिक्षा तेवढीच, ६ महिने ते ३ वर्षं. कॉपीराइट आणि ट्रेडमार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजायला एक भारतीय दाखला आहे. कोलकात्याच्या दोन भावांनी फेसबुकवर 'स्क्रॅब्युलस' नावाचा शब्दखेळ आणला. 'स्क्रॅबल'वाल्या मॅटेलने २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने पटाच्या कॉपीराइटवरून मनाई द्यायला नकार दिला, पण नावाच्या बाबतीत मात्र मॅटेलची बाजू घेतली. खेळ चालू ठेवता आला, ते नाव नाही.

म्हणून काकांना आजच सांगा, पाटीवर गेमचं नाव कोणत्याही परिस्थितीत नको. आकृतीवर वाद घालता येईल. नावावर वाद घालायलाही जागा नाही.

सालईबन

वकील साहेब, तुमचं कायद्याचं ज्ञान मोठं हाय, मान्य. पण मले हे सांगा, मोठ्या बाबांनी तो गेम पाहिला तरी हाय का? त्यायनं तर बाजारातलं प्लास्टिकचं खेळणं पाहून कोरलं असन. म्हणजे त्यायनं खेळण्याची नक्कल केली, गेमची नाही. मग कंपनीचा काय संबंध?

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

सालईबन भाऊ, अगदी असंच झालंय. मोठ्या बाबांच्या हाती स्मार्टफोन नाही. पहिला नमुना त्यांनी शेजारच्या पोराच्या कंपासवरचं चित्र पाहून केला आणि शिपाई प्लास्टिकच्या खेळण्यावरून. पोरांनी तोंडी सांगितलं, 'तवा मागं लटकवा', म्हणून तवा आला. वकील साहेब, याने फरक पडतो का?

कोर्टकचेरी

या प्रश्नाचं उत्तर १९४१ मध्येच लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) दिलंय, आणि तो दाखला खेळण्यांचाच आहे. पॉपाय हे व्यंगचित्रातलं पात्र. किंग फीचर्स ही त्याची मालक. क्लीमन नावाच्या व्यापाऱ्याने पॉपायच्या बाहुल्या आणि ब्रोच विकायला आणले. त्या वस्तू मूळ व्यंगचित्र पाहून नाही, तर परवाना घेऊन बनवलेल्या दुसऱ्या बाहुल्यांवरून केल्या होत्या. न्यायालयाने सांगितलं की नक्कल मधल्या वस्तूवरून केली तरी ती मूळ चित्राचीच नक्कल. सपाट चित्राची बाहुली झाली, तरीही भंगच. आपला कायदा ब्रिटिश कायद्याच्या वाटेवरून आलेला असल्याने हा दाखला आपल्याकडेही वजनदार मानतात.

मात्र काकांच्या बाजूचा एक मुद्दा आहे. भंग करणाऱ्याला कॉपीराइट असल्याची जाणीव नव्हती आणि तशी शंका यायला वाजवी कारणही नव्हतं, असं सिद्ध झालं, तर कलम ५५ प्रमाणे नुकसानभरपाई वाचते. मनाई आणि झालेल्या नफ्याचा हिशोब एवढंच राहतं. फौजदारी कलमातही 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. आजवर काकांना माहीत नव्हतं. बाजारातल्या गिऱ्हाइकाने सांगितल्यानंतर मात्र 'माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही. म्हणून निर्णय ऑर्डर घेण्याआधीच करायचा.

काळीमाती

तव्यावर थोडं बोलायचंय, कारण माझ्या मते अख्खा प्रश्न त्या तव्यात आहे.

'पबजी'त तवा नुसतं हत्यार नाही. तो कमरेला मागे लटकवला की गोळी अडवतो. हे त्या गेमचं इतकं ओळखीचं चिन्ह आहे की २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकेत नेटईज या चिनी कंपनीवर दावा केला, तेव्हा आपल्या गेममधल्या खास गोष्टींत तव्याचा मुद्दा मांडला होता. तो दावा तडजोडीत मिटला, म्हणून तव्यावर कोणाचा हक्क आहे का, हे न्यायालयाने कधी ठरवलंच नाही. पण कंपनी तव्याला काय मानते हे त्यातून कळतं.

आपल्या भागातल्या पोरांचं या गेमशी काय नातं आहे ते मी रोज पाहतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने तो बंद केला, २०२१ मध्ये तो वेगळ्या नावाने परत आला, २०२२ मध्ये पुन्हा बंद, २०२३ मध्ये पुन्हा चालू. मधल्या काळात पोरांचं सामान बदललं, खेळ बदलला, पण तवा लटकवलेला शिपाई त्यांच्या डोक्यातून गेला नाही. म्हणूनच तर मोठ्या बाबांचा तिसरा नमुना खपतो. आणि म्हणूनच तो अडचणीचाही आहे.

मी आधी म्हटलं ते कायम आहे, सैनिक कोणीही करावा. पण तवा काढला तर राहतो साधा सैनिक. तवा ठेवला की पोरगं लांबूनच ओळखतं, कोण आहे ते.

कोर्टकचेरी

उत्तम सांगितलंत. मी एवढंच जोडतो की नुसता तवा, नुसतं हेल्मेट, नुसती पिशवी यातल्या कशावरही कोणाचा हक्क नाही. वाद उभा राहतो तो मिलाफावर. ठरावीक आकाराचं हेल्मेट, ठरावीक पिशवी, तोच तवा त्याच जागी, आणि वर गेमचे रंग. सामान्य माणसाच्या मनावर ठसा उमटतो तो अशा मिलाफाचा. यातल्या दोन गोष्टी बदलल्या आणि स्वतःच्या डोक्यातल्या दोन घातल्या, तर मी काकांसाठी न्यायालयात ताठ मानेने उभा राहीन. पहिल्या नमुन्यासाठी मात्र नाही उभा राहता येणार.

सालईबन

मले अजूनही वाटते का कायदा गरिबाले जास्त जाचते. मोठी कंपनी वकील लावू शकते, सुतार नाही लावू शकत. हे खोटं हाय का?

रंगारी उमरेड

खोटं नाही भाऊ. पण दुसरी बाजूही बघा. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने नंदीच्या झुलीवर स्वतःची नक्षी बसवली होती, पळसाच्या फुलांची वेल आणि शिंगांवर निळे-पिवळे पट्टे. काही वर्षांनी तीच वेल, तेच पट्टे असलेले प्लास्टिकचे नंदी बाजारात आले, त्याच्या निम्म्या भावात. साच्यातून भराभर निघालेले. त्याला कळलंच नाही कुठे तक्रार करायची. गेम कंपनीचा हक्क मानायचा नाही असं आपण ठरवलं, तर त्या म्हाताऱ्याचा हक्क तरी कोणत्या तोंडाने मागायचा?

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

रंगारी दादा, हे वाचून मी मोठ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माह्या नंदीच्या वशिंडाची गोलाईबी कोणी उचलली तं मले राग येईनच." वकील साहेब, त्यांच्या स्वतःच्या नक्षीसाठी काही करता येतं का?

कोर्टकचेरी

येतं, आणि हे सगळ्या कारागिरांनी वाचावं.

चाकावरचा लाकडी बैल ही परंपरा आहे, ती कोणा एकाची नाही. पण त्यावर काकांनी स्वतः बसवलेली नक्षी, रंगांची मांडणी, पात्राचा चेहरा हे त्यांचं स्वतःचं काम आहे. त्यावर कॉपीराइट आपोआप येतो, नोंदणी न करताही. कारागिराच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो.

गोम कलम १५ मध्ये आहे. एखादी रचना डिझाइन कायद्याखाली, म्हणजे वस्तूंच्या आकार-नक्षीच्या नोंदणीच्या कायद्याखाली, नोंदवण्याजोगी असून नोंदवली नसेल, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती वापरलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा बनली, तर त्या रचनेतला कॉपीराइट संपतो. शुद्ध कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होतं, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये क्रायोगॅस प्रकरणात कसोटी घालून दिलीय. काका प्रत्येक नग पटाशीने हाताने कोरतात, त्याला औद्योगिक प्रक्रिया म्हणणं अवघड आहे. पण उद्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून साचा केला किंवा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर माल काढला, तर ५० चा आकडा एका खेपेत ओलांडेल.

त्यावर उपाय म्हणजे २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी. आधी १० वर्षं, मग आणखी ५ वर्षं वाढवता येते. अट एकच कडक आहे, की रचना नवी हवी, आधी कुठे विकलेली किंवा दाखवलेली नको. म्हणून जे नमुने बाजारात गेले त्यांचं आता होणार नाही. नवा नमुना मात्र बाजारात नेण्याआधी, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवण्याआधी, अर्ज करायचा. मुंबईच्या कार्यालयातही अर्ज देता येतो, ऑनलाइनही.

पूसकाठची बाई

मग मोठ्या बाबांनी आपलाच शिपाई का करू नये? आमच्याकडे रात्री रानडुकरांपासून शेत राखायला माचाणावर बसणारा राखणदार असतो. डोक्याला शेला बांधलेला, हातात गोफण, एका खांद्यावर घोंगडं, कंबरेला बॅटरी. वर्गातल्या पोरांना विचारलं, तर एका तासात त्याला 'पॉवर' काय काय असाव्यात याची यादी त्यांनी फळ्यावर लिहिली. गोफणीचा दगड वळून परत येतो म्हणे.

काळीमाती

बाई, हा माणूस मी विकत घेईन. आणि गेमच्या नजरेने सांगतो, पोरांना तवा आवडतो कारण घरातली ओळखीची वस्तू लढाईत कामी येते. घोंगडं गोळी अडवतं असं ठरवा, पोरं तेवढ्याच आवडीने घेतील. ही कल्पना मोकळी आहे, रूप आपलं आहे.

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

मंडळी, मोठ्या बाबांनी राखणदाराचा पहिला नमुना कोरायला घेतलाय. माहिती पुरी व्हावी म्हणून लिहिते. शिवणीचा वीतभर तुकडा, शेल्याच्या घड्या पटाशीने तिरप्या काढल्यात, त्यामुळे रंग न देताही कापड वाटतं. गोफणीला सुताची दोरी आहे, ती बोटाने फिरते. घोंगडं वेगळ्या लाकडाचं, खाच पाडून खांद्यावर बसवलंय, काढता येतं. बाईंच्या वर्गातल्या पोरांची हीच मागणी होती. याचा फोटो मी इथे टाकत नाही, वकील साहेबांनी का सांगितलंय ते सगळ्यांना कळलंच आहे.

व्यापाऱ्याला कळवलं की गेमचं नाव रंगवणार नाही आणि त्याच्या प्रिंटवरून माल करणार नाही. तो म्हणाला, "जबाबदारी माझी, तुम्ही बनवा." आता दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. त्याच्या या शब्दावर विसंबता येतं का? आणि घरात पहिल्या दोन नमुन्यांचे तयार नग पडलेत, त्यांचं काय करायचं?

कोर्टकचेरी

'जबाबदारी माझी' या तोंडी शब्दाला काही अर्थ नाही. बनवणारा, विकणारा आणि विकायला लावणारा, तिघेही जबाबदार धरले जातात. कागदावर लिहून दिलं, तरी कंपनी काकांवर दावा करूच शकते. तो कागद फक्त काकांना व्यापाऱ्याकडून पैसे मागायला उपयोगी पडतो. राखणदाराची ऑर्डर घेताना मात्र कागद नक्की करा, पण उलट बाजूने. रचना काकांची आहे, व्यापाऱ्याने ती दुसऱ्याकडून बनवून घ्यायची नाही, साचा काढायचा नाही, असं साध्या मराठीत दोन ओळीत लिहा, तारीख टाका आणि दोघांच्या सह्या घ्या. डिझाइनचा अर्ज त्याआधी झालेला असू द्या. अर्जाची कागदपत्रं मी तयार करून देईन, फी घेणार नाही. भंडाऱ्याला आलात की भेटा.

तयार नग विकू नका, व्यापाऱ्यालाही देऊ नका. लाकूड वाया घालवायचीही गरज नाही. लाल टोपी खरवडून तिथे शेला कोरता येतो का, ते काकांना विचारा. मिशी राहू द्या, मिशी कोणाच्याही मालकीची नाही. निळ्या पट्ट्याची पँट रंध्याने साफ करून धोतर करा. हिरव्या ठोकळ्यांचं तोंड आणि रंग दोन्ही घालवावे लागतील, ते जमत नसेल तर त्यांची चाकं काढून नंदीला लावा.

वैनगंगाकाठ (धागाकर्ती)

मोठे बाबा म्हणतात, टोपीखाली लाकूड पुरेसं आहे, शेला निघतो. ठोकळ्यांची चाकं काढायला घेतलीत. वकील साहेब, सोमवारी भंडाऱ्याला येतो, नमुना कापडात गुंडाळून आणतो.